कार्बनच्या नॅनोनळ्या : गुण, दोष आणि वैद्यांचा विवेक

गेल्या काही वर्षांत 'नॅनो' हा शब्द आपल्या चिकित्सालयाचा उंबरठा ओलांडून आत आला आहे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी 'नॅनो हळद' घेऊन येतात, रुग्ण जाहिरातीत पाहिलेल्या 'नॅनो' मलमाविषयी विचारणा करतात, आणि आपल्या सभासंमेलनांतून तर एक विधान वारंवार कानी पडते : भस्मे ही प्राचीन नॅनोऔषधेच होत, इतकेच नव्हे, तर कार्बनच्या नॅनोनळ्याही आपल्या पूर्वजांनी पोलादात घडविल्या होत्या. या विधानाला टाळ्या हमखास मिळतात. अशाच एका बैठकीत टाळ्या ओसरल्यावर मागच्या रांगेतील एका तरुण वैद्याने उभे राहून विचारले, "सर, ही नॅनोनळी श्वासावाटे फुप्फुसात गेली तर काय होते?" व्यासपीठावर आम्हीही बसलो होतो. आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने आम्हांस पुन्हा अभ्यासास बसविले. प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित होय.

नॅनोनळी म्हणजे काय?

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात ते आठ हजार नॅनोमीटर असतो. एकपदरी कार्बन नॅनोनळीचा व्यास मात्र केवळ एक-दोन नॅनोमीटर असतो.

तिची रचना समजण्यास शिसपेन्सिलीपासून आरंभ करणे सोयीचे आहे. पेन्सिलीतील ग्रॅफाइट हे कार्बन अणूंच्या थरांचे बनलेले असते. प्रत्येक थरात अणूंची मांडणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी असते. थरातील अणू परस्परांशी अत्यंत दृढ बांधलेले, परंतु एका थराचा दुसऱ्या थराशी असलेला बंध अगदी शिथिल. म्हणूनच कागदावर घासताच थर सुटतात आणि अक्षर उमटते. अशा एकाच थराची चटईप्रमाणे सुरळी केली आणि तिच्या कडा सांध्याविना जुळल्या, तर जी पोकळ नळी होईल तीच एकपदरी नॅनोनळी. एकीत एक अशा अनेक सुरळ्या बसल्या म्हणजे बहुपदरी नॅनोनळी होते. तिचा व्यास पाच-दहा नॅनोमीटरपासून शंभरापर्यंत असू शकतो. लांबी मात्र व्यासाच्या सहस्रावधी पट असते. ही लांबीची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

चटई सरळ गुंडाळली की तिरपी, यावरून नळीचा स्वभाव बदलतो. एका कोनात गुंडाळलेली नळी धातूसारखी विद्युद्वाहक होते, तर किंचित निराळ्या कोनात गुंडाळलेली अर्धवाहक होते. द्रव्य तेच, अणू तेच. केवळ रचनेचा कोन बदलला आणि गुण पालटला. सर्वसाधारण निर्मितीत सुमारे एक-तृतीयांश नळ्या धातुसदृश आणि उरलेल्या अर्धवाहक निघतात.

शोधाचा इतिहास

जपानमधील एनईसी या कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये विद्युत् ठिणगीने जाळलेल्या कार्बनच्या अवशेषात या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांचे वर्णन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये इजिमा व त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील आयबीएमचे संशोधक, यांनी स्वतंत्रपणे एकपदरी नळीची नोंद केली. तथापि आद्य दर्शनाचे सर्व श्रेय १९९१ ला देता येत नाही. सोव्हिएत रशियातील रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी १९५२ मध्येच पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रे रशियन भाषेत प्रसिद्ध केली होती. १९७६ मध्ये ओबेर्लिन, एन्डो व कोयामा यांनीही तसे तंतू दाखविले होते. परंतु १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूचा, म्हणजे फुलेरीनचा, शोध लागला आणि कार्बनच्या नव्या रूपांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. त्या पार्श्वभूमीवर इजिमांच्या निरीक्षणाचे महत्त्व तत्काळ ओळखले गेले.

भट्टी, कापूर आणि काजळी

नॅनोनळ्या बनविण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत दोन ग्रॅफाइट कांड्यांमध्ये विद्युत् ठिणगी पाडून कार्बनची वाफ करतात. दुसरीत लेसर किरणाने ग्रॅफाइट उडवितात. तिसऱ्या पद्धतीत कार्बनयुक्त वायू वा बाष्प तप्त भट्टीतून नेतात. तेथे लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचे अतिसूक्ष्म कण असतात. बाष्पातील कार्बन त्या कणांत मुरतो आणि मग बीजातून अंकुर फुटावा तशी कणातून नळी वाढू लागते. कण जेवढा बारीक, तेवढी नळी बारीक. आज उद्योगधंद्यात मुख्यतः हीच पद्धत रूढ आहे.

येथे आपल्या परिचयाचे एक द्रव्य भेटते, ते म्हणजे कापूर. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. महेश्वर शरॉन आणि मुकुल कुमार यांनी कापरापासून कार्बनची सूक्ष्म रूपे मिळविण्याचे कार्य केले. पुढे मुकुल कुमार यांनी जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्या समवेत २००३ मध्ये कापरापासून एकपदरी व बहुपदरी अशा दोन्ही नॅनोनळ्या मिळविल्याचे प्रसिद्ध केले. कापूर सहज बाष्परूप होतो, त्यात कार्बनचे प्रमाण विपुल असते आणि तो वनस्पतिजन्य आहे, ही त्याच्या निवडीची कारणे.

काजळीचेही तसेच. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये मोहरीच्या तेलाच्या काजळीतून पाण्यात विद्राव्य अशा नॅनोनळ्या वेगळ्या केल्याचे प्रसिद्ध केले. म्हणून समईवर धरलेल्या काजळातही क्वचित नळ्या असतील. परंतु अंजनाच्या गुणांचे श्रेय त्यांना देण्यास कोणताही आधार नाही. सापडणे आणि उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

आजचे उपयोग

या नळ्यांचे बल विस्मयकारक आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००० मध्ये एकेक बहुपदरी नळी ओढून तोडून पाहिली. तिच्या बाह्य पदराचे ताणबल ११ ते ६३ गिगापास्कल भरले. उत्तम पोलादी तारेचे बल दोन-तीन गिगापास्कल असते, आणि नळीची घनता पोलादाच्या सुमारे एक-षष्ठांश आहे. मात्र हे बल एकट्या नळीचे आहे. अनेक नळ्यांचा दोर वळला की त्या एकमेकींवरून घसरतात आणि बल पुष्कळ घटते. लांबीचीही मर्यादा आहे. २०१३ मध्ये चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठात अर्ध्या मीटरहून थोडी अधिक लांब नळी वाढविली गेली, तोच मोठा विक्रम ठरला. पृथ्वीपासून अंतराळापर्यंत नॅनोनळ्यांचा दोर बांधण्याच्या वार्ता म्हणूनच अद्याप कल्पनेच्या प्रांतात आहेत.

प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोग होतो तो विद्युत् घटांत. भ्रमणध्वनी आणि विजेवर चालणारी वाहने यांतील लिथियम-आयन बॅटरीमध्ये ऊर्जा साठविणारे द्रव्य स्वतः विजेचे मंदवाहक असते. त्यात वीज खेळती राहावी म्हणून पूर्वीपासून काजळीसारखा कार्बन मिसळत. परंतु काजळीचे कण गोल. ते एकमेकांस लागून राहावेत यासाठी बरेच घालावे लागतात. नॅनोनळी हा धागा असल्यामुळे थोड्या धाग्यांतही सलग जाळे तयार होते, आणि वाचलेली जागा ऊर्जा साठविणाऱ्या द्रव्यास मिळते. घट भारित होताना फुगणाऱ्या सिलिकॉनच्या कणांना हेच जाळे एकत्र बांधूनही ठेवते.

प्लॅस्टिकमध्ये अल्पांशाने मिसळल्यास ते विद्युद्वाहक बनते. मोटारीच्या इंधननळीत स्थिर विद्युत् साचून ठिणगी पडू नये, तसेच नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांची वाहतूक सुरक्षित व्हावी, यासाठी असे प्लॅस्टिक वापरतात. २०११ मध्ये गुरू ग्रहाकडे निघालेल्या 'जूनो' यानावरही स्थिर विद्युत् वाहून नेण्यासाठी नॅनोनळ्यांचे आवरण होते. टेनिसच्या रॅकेटी आणि सायकलींचे सांगाडे यांच्या राळेत बळकटीसाठी त्या मिसळल्या गेल्या. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालेला 'व्हँटाब्लॅक' हा लेप म्हणजे उभ्या नॅनोनळ्यांचे दाट रानच. त्यात शिरलेला प्रकाश नळ्यांमध्ये आपटत शोषला जातो आणि ९९.९६ टक्क्यांहून अधिक प्रकाश परततच नाही. संगणकाच्या क्षेत्रात २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात १७८ ट्रान्झिस्टरांचा, तर २०१९ मध्ये एमआयटी येथे १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा नॅनोनळीचा प्रक्रियक तयार झाला.

वैद्यकातील स्थान

वैद्यकाचा विचार करता एक निश्चित उपयोग क्ष-किरण यंत्राचा आहे. नेहमीच्या नलिकेत तार तापवून इलेक्ट्रॉन काढावे लागतात. नॅनोनळीचे टोक इतके सूक्ष्म असते की विद्युत्क्षेत्र लावताच ती थंड असतानाच इलेक्ट्रॉन सोडते. त्यामुळे यंत्र लहान व हलके करता येते. रक्तातील वा श्वासातील विशिष्ट रेणू ओळखणारे संवेदक, मज्जातंतूंचे संकेत टिपणारे विद्युदग्र आणि औषध थेट अर्बुदापर्यंत पोहोचविणारे वाहक या दिशांनीही पुष्कळ संशोधन झाले आहे. तथापि पोटात घ्यावयाचे वा शिरेतून द्यावयाचे नॅनोनळीयुक्त औषध नित्य चिकित्सेत आलेले नाही. प्रतिनिधी दाखवितात ती 'नॅनो हळद' म्हणजे हळदीतील करक्युमिनचे अतिसूक्ष्म कण वा थेंब. तिचा नॅनोनळीशी काडीचाही संबंध नाही. 'नॅनो' हे मापाचे नाव आहे, द्रव्याचे नव्हे. गुणाचे तर मुळीच नव्हे.

फुप्फुस आणि तंतू

आता त्या तरुण वैद्याच्या प्रश्नाकडे वळू. तंतुरूप धुळीचा इतिहास वैद्यकास ठाऊक आहे. ॲस्बेस्टॉसचे बारीक, लांब आणि न विरघळणारे तंतू श्वासावाटे आत गेले की फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतात आणि तीस-चाळीस वर्षांनी तेथे मेसोथेलिओमा हा घातक कर्करोग उद्भवू शकतो. नॅनोनळीही बारीक, लांब आणि टिकाऊ. मग तिचे काय?

एडिनबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये याचा पडताळा पाहिला. उंदरांच्या उदरपोकळीत निरनिराळ्या बहुपदरी नळ्या टोचल्या. लांब व सरळ नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखाच शोथ आणि ग्रंथी उत्पन्न केल्या. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. कारण समजण्याजोगे आहे. आपल्या भक्षक पेशी परकीय कण गिळून त्याचा निकाल लावतात. परंतु सुमारे १५ ते २० मायक्रोमीटरहून लांब ताठ तंतू त्यांच्या घशात मावत नाही. अर्धवट गिळलेला तंतू बाहेर तसाच राहतो, पेशी दाहकारक द्रव्ये ओतत राहते आणि शोथ जीर्ण होतो.

कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये या विषयाचे मूल्यमापन केले. 'एमडब्ल्यूसीएनटी-७' या एका विशिष्ट बहुपदरी नळीस 'मानवांत कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात, म्हणजे २-ब मध्ये ठेवले; अन्य नळ्यांविषयी पुरावा अपुरा असल्यामुळे त्यांचे वर्गीकरण केले नाही. मानवांविषयीचा प्रत्यक्ष पुरावाही त्या वेळी अपुरा होता. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्येच कामगारांसाठी शिफारस केली की आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमध्ये एक मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नॅनोनळ्या नसाव्यात.

दुसरी बाजूही सांगणे न्याय्य होय. २०१० मध्ये असे दिसून आले की आपल्या न्यूट्रोफिल या श्वेतपेशींतील एक विकर एकपदरी नळ्यांचे विघटन करू शकते. निर्मितीनंतर आम्लाने धुतल्यास नळ्यांतील लोह-निकेलाचा अवशेष कमी होतो, त्या आखूड होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर पाण्याशी सख्य असणारे गट जोडले जातात. अशा नळ्यांचे वर्तन मूळ नळ्यांहून निराळे असते. शिवाय रॅकेटीच्या राळेत वा बॅटरीच्या आत बद्ध असलेली नळी वापरणाऱ्याच्या श्वासात येत नाही. धोका आहे तो कोरडी पूड हाताळणाऱ्यास, तसेच तयार वस्तू कापणाऱ्यास व घासणाऱ्यास.

तेव्हा उत्तर असे : नॅनोनळी फुप्फुसात गेली तर काय होते, हे ती कोणती, किती लांब, ताठ की गुंतलेली, शुद्ध की धातुमिश्रित, आणि किती मात्रेने किती काळ गेली, यावर अवलंबून आहे. द्रव्याच्या नावावरून निर्णय न देता संस्कार, मात्रा, काल आणि मार्ग यांचा विचार करावा, हे आपणांस कोणी नव्याने शिकवावयास नको.

तलवार, भस्म आणि आपण

राहिला प्रश्न तलवारीचा. ती वार्ता खोटी नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पीटर पाउफ्लर, मारियान राइबोल्ड व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या तुकड्यात कार्बन नॅनोनळ्या आढळल्याचे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. अशा तलवारी दक्षिण भारतात तयार होणाऱ्या 'वूट्झ' पोलादापासून बनत. मुशीत लोहाबरोबर तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालण्याची पद्धत वर्णिलेली आहे. आवर्तकी आणि अर्क या आपल्या नित्य परिचयाच्या वनस्पती तेथे भेटाव्यात, याचा आनंद आम्हांसही झाला. २०२० मध्ये तमिळनाडूतील कीळडी येथील प्राचीन मृत्पात्रांच्या काळ्या लेपातही नॅनोनळ्या आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

परंतु यावरून काय सिद्ध होते? त्या लोहारांचे कौशल्य निःसंशय थोर होते. अग्नी, काल आणि द्रव्य यांवरील त्यांची पकड असामान्य होती. मात्र पोलादात नळ्या आहेत हे त्यांनी पाहिले नव्हते, पाहणे शक्यही नव्हते. शिवाय लोखंडाच्या तलवारीवरून आपल्या औषधाची निर्भयता सिद्ध होत नाही. हा दुवा आपल्या व्याख्यानांतून नकळत जोडला जातो, आणि तोच आम्हांस घातक वाटतो. आपण 'नॅनो' म्हणून मिरवू लागलो, तर उद्या कोणी ॲस्बेस्टॉसची आठवण करून देईल, तेव्हा आपणांपाशी उत्तर हवे.

भस्मांविषयी बोलावयाचे तर आपल्या परीक्षा उपेक्षणीय नाहीत. रेखापूर्णत्व कणाच्या बारीकपणाची, वारितरत्व त्याच्या पृष्ठभागाच्या वर्तनाची, निश्चंद्रत्व व अपुनर्भवत्व धातूच्या रूपांतराची परीक्षा घेते. साधनांच्या अभावी या परीक्षा योजणाऱ्यांची बुद्धी वंदनीय आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वर्णभस्माच्या कणांचे सरासरी माप ५६ ते ५७ नॅनोमीटर आढळले. तथापि एका नमुन्याचे माप सर्व औषधालयांच्या सर्व भस्मांस लागू होत नाही. पुटांची संख्या बदलली, भावनाद्रव्य बदलले, अग्नी बदलला की माप बदलते. सूक्ष्म स्फटिक एकत्र चिकटून मोठे पुंजके होतात, त्यामुळे स्फटिकाचे माप हेच कणाचे माप मानणेही चुकीचे ठरते. आणि माप सिद्ध झाले, तरी निर्विषता व कार्मुकता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

म्हणून आम्ही सदस्यांस तीन गोष्टी सुचवितो. पहिली, 'नॅनो' नावाचे कोणतेही उत्पादन पुढे आल्यास द्रव्य कोणते, कणाचे माप व आकार कोणत्या पद्धतीने मोजला, मार्ग व मात्रा काय आणि मानवांवरील परीक्षण झाले आहे काय, हे लेखी मागावे. ते न मिळाल्यास उत्पादन रुग्णास देऊ नये. दुसरी, जीर्ण कास वा श्वास घेऊन आलेल्या रुग्णास त्याचा व्यवसाय केवळ 'नोकरी' असा न लिहिता हातांखालून कोणती पूड जाते, कापणे-घासणे करावे लागते काय, मुखाच्छादन मिळते काय, हे विचारावे व नोंदवावे. आवश्यक तेथे फुप्फुसतज्ज्ञाकडे पाठवावे. तिसरी, जे सदस्य स्वतः भस्मे सिद्ध करतात त्यांनी प्रत्येक खेपेचा नमुना एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण विवर्तन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांखाली तपासून घ्यावा आणि जो निष्कर्ष येईल तो, अनुकूल असो वा प्रतिकूल, आपल्या या त्रैमासिकाकडे पाठवावा.

पुढील बैठकीत तो तरुण वैद्य भेटेल, तेव्हा वरील उत्तर आम्ही त्यास देऊच. पाठोपाठ तो आपल्या भस्मांविषयी तोच प्रश्न विचारील, याविषयी आम्हांस शंका नाही. त्या वेळी हाती स्वतःच्या मोजमापांचे कागद असावेत, एवढीच आमची इच्छा आहे. इत्यलम्।